घर क्रमांक एकची ओ

अख्ख्या खोऱ्याला नावानं हाक मारणाऱ्या बाईला गाव मात्र नावानं हाक मारत नाही. गाव तिला भोंगा म्हणतं. तोंडावर म्हणतं, पाठीमागे म्हणतं, दवाखान्यातल्या केसपेपरवरसुद्धा डॉक्टरांनी तेच लिहिलंय. तिला त्याचं काही वाटत नाही. उलट कुणी चुकून तिचं खरं नाव घेतलंच, तर आपल्यामागे कोण उभं आहे म्हणून ती वळून बघते.

हे नाव पडलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. गावात कौलांचा कारखाना आहे. तिथला भोंगा एके दिवशी खरखरला, खोकला आणि कायमचा गप्प झाला. दुरुस्तीला माणूस येईपर्यंत करायचं काय? मालकाला आठवलं की भट्टीवरच्या बाईची धाकटी पोर शेळी हरवली की अशी ओरडते, की शेळीच काय, शेळीचे मामेभाऊही परत येतात. झालं! पोरीला चढवलं कारखान्याच्या गच्चीवर. सकाळी आठ, दुपारी बारा, संध्याकाळी पाच. दुरुस्तीचा माणूस उगवला चार महिन्यांनी, तोवर गावातली घड्याळं पोरीवर लागत होती. भानगड एकच, तिला भूक लागली की बारा वाजायचे. कधी साडेअकरालाच, एकदा तर सव्वादहाला. कामगार खूश, मालक हैराण, आणि गावातले सगळे नवरे अवेळी घरी येऊन ताटावर बसलेले. त्या चार महिन्यांत गावातल्या स्वयंपाकघरांत जेवढी भांडणं झाली, तेवढी पुढे कधी झाली नाहीत.

गाव तरी केवढं? नदीच्या घाटापासून शाळेपर्यंत चढत जाणारा एक रस्ता. त्यावर लोहार, शिंपी, दवाखाना आणि चहाची दोन दुकानं, जी एकमेकांच्या चहाला गढूळ पाणी म्हणतात. नदीपलीकडे मात्र सगळं ऐसपैस. पाच वस्त्या, भाजीचे मळे, गाईम्हशी, बांबूचं बन आणि चिकणमाती. कौलं या काठाची, माती त्या काठाची. चहा या काठाचा, दूध त्या काठाचं. शाळा इकडे, पोरं तिकडे. एका काठाचं दुसऱ्यावाचून पान हलत नाही, आणि हे दोन्ही काठ मेले तरी कबूल करायचे नाहीत. मधे नदी, नदीत एक नाव, आणि नावेत वल्हं घेऊन भोंग्याचा नवरा.

या खोऱ्यात मोबाइलला रेंज नाही. टेकडी आडवी येते. फोन करायचाच असेल तर शाळेच्या छपरावर चढावं लागतं, आणि छप्पर कौलारू असल्यामुळे फोन स्वस्त आणि कौलं महाग पडतात. तेव्हा नाव कुठल्या काठाला हवी, तिच्यात कोण येतंय, काय येतंय, ही सगळी बित्तंबातमी घाटावरच्या दगडावर उभी राहून भोंगा देते. "दूध सहा कॅऽऽन! शेळ्या दोऽऽन! नवे मास्तर एऽऽक, पोहता येत नाऽऽही!" गेली सव्वीस वर्षं हेच तिचं काम. खोऱ्यात कुणाला काय झालं, कुणाचं काय आलं, कुणाचा जावई न जेवता परत गेला, सगळं सगळ्यांना एकाच वेळी कळतं. त्यामुळे इथं चुगली हा प्रकार वाढीला लागला नाही. सांगायला उरतंच काय?

अंतरसुद्धा इथं हाकेत मोजतात. मळा अर्ध्या हाकेवर, बांबूचं बन दीड हाकेवर. बाहेरचा कुणी "हाक कुणाची, तुमची का भोंग्याची?" असं विचारू लागला, की तो रुळला असं समजतात.

नवरा डाव्या कानानं बहिरा आहे. लग्नाआधी होता की नंतर झाला, यावर गावात दोन तट आहेत. जेवताना तो डावा कान तिच्याकडे करून बसतो, आणि त्यांचा संसार दृष्ट लागण्यासारखा चालतो.

असा सगळा आनंदीआनंद. पण पलीकडच्या काठावर एक घर होतं, त्या घराला तिनं अकरा वर्षांत हाक मारली नव्हती. ते घर तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं.

थोरलीचं घर वस्तीतलं पहिलं. बाकीची घरं टेकडीच्या आड दडलेली; हे एकटंच पुढे येऊन, पायरी नदीकडे करून बसलेलं. थोरली एकटीच राहते आणि बांबूच्या टोपल्या विणते. बाजारात टोपली दिसली की ती तिचीच, दुसरीकडून आणायची कुणाची छाती नाही. आई दिवसभर भट्टीवर, म्हणून धाकटीला वाढवली ती थोरलीनं. हाक मारायला शिकवलं तेही तिनंच. दोघी माळावर जायच्या. थोरली एका जागी उभी राहायची आणि म्हणायची, "मागे मागे जा, आणि हाक मार. माझी ओ येईल तोवर जात राहा." धाकटी मागे मागे जायची, "ताऽऽई!" म्हणायची, आणि तिकडून ओ यायची. अजून मागे, अजून एक हाक, अजून एक ओ. माळ संपला, पण ओ काही संपली नाही. अख्ख्या खोऱ्यात पोचणारा तो आवाज तिथं घडला.

आणि त्याच आवाजानं घात केला. झालं असं, की टोपली विणताना दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून बांबूची पट्टी दातात धरावी लागते. तीस वर्षं पट्ट्या धरून धरून थोरलीचे दात एकेक करून राजीनामा देऊन गेले. तिनं गुपचूप, महिन्यातून एकदा येणाऱ्या दातांच्या डॉक्टरकडे माप दिलं आणि फक्त धाकटीला सांगितलं, "हे तुझ्या-माझ्यात." धाकटीनं मान डोलावली. तिनं गुपित ठेवायचं म्हणजे मांजरानं दूध राखायचं, पण माया आंधळी असते.

पुढे एका शनिवारी, भर बाजाराच्या दिवशी, डॉक्टरांनी घाटावर एक डबी आणून तिच्या हातात दिली. भोंग्यानं डबी उघडली. आत पांढरीशुभ्र बत्तिशी हसत होती. तिला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की गुपित बिपित सगळं विसरून, पंधरा वर्षांच्या सवयीनं ती दगडावर चढली, छाती भरून घेतली आणि ओरडली:

"ताऽऽई! तुझी कवळी आऽऽली! दोन्ही जबऽऽडे!"

दोन्ही काठांवरचा बाजार गप्प झाला. आणि त्या शांततेत टेकडीनं, कुणी विचारलं नसताना, सावकाश सांगितलं, "कवळी... कवळी... जबडे... जबडे..."

पायरीवर उभ्या असलेल्या थोरलीनं तोंडावर हात ठेवला, आत गेली आणि दार लावून घेतलं.

डबी नवऱ्यानं नावेतून नेऊन पायरीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी धाकटीनं हाक मारली, ओ आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी धाकटीचंही डोकं फिरलं. मी काय चोरी केली? दात आले तेच सांगितलं ना? तेव्हापासून टोपल्या न्यायच्या असल्या की ती "ताई" म्हणायची नाही, नुसतं ओरडायची, "टोपल्याऽऽ!" थोरली टोपल्यांची चळत काठावर आणून ठेवायची आणि पाठ फिरवून जायची. नदी तिनं पुन्हा ओलांडली नाही. चूक आपली आहे हे भोंग्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण खोऱ्यातला सगळ्यात मोठा घसा तिचा, आणि त्याच घशात दोन शब्द अकरा वर्षं अडकून बसले होते.

अशात घाट बंद करायची नोटीस आली. खाली दूरवर नवा पूल झाला होता. आता नियम असा, की पलीकडची वस्ती 'नजीक' असेल तरच घाटावरची नाव चालू ठेवायची, नाहीतर सगळ्यांनी पुलावरून जायचं. पुलावरून वळसा तीन तासांचा. दूध पोचेस्तोवर त्याचं दही झालं असतं. भोंग्याची आणि नवऱ्याची भाकरी तर जाणारच, शिवाय दोन्ही काठ कायमचे एकमेकांना परके होणार. नजीक म्हणजे नेमकं किती, हे मात्र नियमात लिहायला कुणीतरी विसरलं होतं. गावातल्या मास्तरांनी झोकात अर्ज लिहिला, 'सदर वस्ती आमच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर आहे.'

अर्ज वाचून मोजणीचे साहेब स्वतः आले. काडीसारखा माणूस, कानावर पेन्सिल, हातात मोजपट्टी. शब्दाला असा चिकटणारा, की फेव्हिकॉलनं शिकवणी लावावी.

"हाकेच्या अंतरावर म्हणजे किती?" साहेबांनी विचारलं.

"अहो साहेब, ती बोलायची पद्धत असते," मास्तर म्हणाले.

"म्हणजे खरं नाही?"

"खरं आहे की!"

"मग दाखवा," साहेब म्हणाले आणि त्यांनी वही उघडली. "येत्या शनिवारी. तीन हाका देतो."

गाव आनंदानं नाचायचंच बाकी राहिलं. हाक? आमच्याकडे? अहो, आमच्याकडे भोंगा आहे! लोहारानं मध आणून दिला, शिंप्यानं गळ्याला गुंडाळायला लोकरीची पट्टी शिवली, आणि शुक्रवार संध्याकाळपर्यंत तिनं चकार शब्द बोलायचा नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. दोन दिवस नदीवर गोंधळ माजला. दूध शाळेत गेलं, पोरं डेअरीत. नवऱ्यानं मात्र ते दोन दिवस दोन्ही कान तिच्याकडे करून जेवण केलं, आणि तिच्या हातवाऱ्यांना इतका हसला की तिला ठसका लागला.

शुक्रवारी साहेबांनी अटी वाचून दाखवल्या. हाक घाटावरून मारायची. ती पोचली याचा पुरावा म्हणजे ओ. "हाक काय, कुणीही मारेल," साहेब म्हणाले. "ओ आली तर ऐकू गेली. आणि ओ काठावर जमलेल्यांची चालणार नाही. वस्तीच्या घरातून, तिथल्या रहिवाशाची हवी. नदीकडे तोंड असलेलं घर कुठलं? हं. घर क्रमांक एक."

सगळ्यांचे चेहरे पडले. दोन दिवस हाकेची तयारी चालली होती. ओचा विचार कुणाच्या बापानं केला नव्हता.

लगोलग नवऱ्याला नावेतून पलीकडे पिटाळलं. तो तासाभरानं परतला. घाटावर वाट बघणाऱ्या भोंग्याला त्यानं सांगितलं, "विणत बसल्यात. म्हणाल्या, हाक येऊ दे, मग बघू."

"म्हणजे ओ देणार?" शुक्रवारची संध्याकाळ झाली होती, तेव्हा तिला बोलायला हरकत नव्हती.

"तेच विचारलं. तर म्हणाल्या, ती हाक कुणाला मारणार? मला का टोपल्यांना?"

भोंगा लालबुंद झाली. "मीच का दर वेळी? कवळीनंतर मी हाका मारल्या, त्या तिला ऐकू आल्या नव्हत्या का?"

"अगं, मला उजव्या कानानं ऐकू येतं तेवढं मी सांगितलं," नवरा म्हणाला, आणि शहाण्यासारखा नाव बांधायला गेला.

शनिवारी सकाळी घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. कारखाना बंद, शाळा बंद, चहाची दोन्ही दुकानं घाटावरच येऊन एकमेकांना खेटून बसलेली. पलीकडच्या काठावर पाचही वस्त्या लोटल्या होत्या. आणि सगळ्यांच्या वर, आपल्या पायरीवर, थोरली टोपली विणत बसली होती. मान वर नाही, काही नाही.

साहेबांनी हात खाली केला. भोंगा दगडावर चढली.

"घर क्रमांक एऽऽक!"

त्याबरोबर पलीकडून एकदम दोनशे ओ आल्या. वस्त्यांना राहवलं नाही हो! म्हातारे ओरडले, पोरं ओरडली, बायका ओरडल्या, दोन शेळ्यांनीही हजेरी लावली. या काठावरच्या लोकांनीही उत्साहाच्या भरात ओ देऊन टाकली. साहेबांनी कान झाकून घेतले, वहीत एक काट मारली आणि म्हणाले, "एक हाक वाया. बाकीच्यांनी कृपा करून तोंड मिटावं."

दुसरी हाक साहेबांनी स्वतः लिहून दिलेल्या मजकुराची होती. "घर क्रमांक एकमधील रहिवाशांनी प्रतिसाद द्यावाऽऽ!" आता सगळं चिडीचूप. टेकडी तेवढी म्हणाली, "द्यावा... द्यावा..."

"आली, आली!" मास्तर उडालेच.

"टेकडी रहिवासी नाही," साहेब म्हणाले आणि दुसरी काट मारली.

पायरीवरचे हात चालूच होते.

एक हाक उरली. भोंगा दगडावरच एक पाऊल मागे सरली. सव्वीस वर्षांत त्या दगडावर तिचा पाय कधी हलला नव्हता. मास्तर खालून कुजबुजत होते, "दुधाचा विचार करा, पोरांच्या शाळेचा विचार करा!" तिला दूध आठवेना, शाळा आठवेना. तिला फक्त माळ आठवला. ती मागे मागे चालली होती, थोरली लहान लहान होत गेली होती, आणि आता हाक नाही मारली तर आपण हरवू, अशी भीती वाटली होती. किती वर्षं झाली, ती तशीच मागे मागे चालली होती. हाकच मारायची राहिली होती.

तिनं साहेबांचा कागद चुरगळून नदीत टाकला, आणि दोन्ही हात तोंडाशी नेले.

"ताऽऽऽई! त्या कवळीचं... माझं चुकलंऽऽऽ!"

चूक भर बाजारात झाली होती, माफीही भर बाजारातच मागितली. आणि टेकडी, जिनं अकरा वर्षांपूर्वी तेल ओतलं होतं, तीही मान खाली घालून म्हणाली, "चुकलं... चुकलं... चुकलं..."

पायरीवरचे हात थांबले. थोरली उठली. तिनं लुगड्यावरचा भुसा झटकला, तोंडावर आलेले केस मागे केले, सगळं सावकाश, आणि दोन्ही काठ तोंडाचा आ करून बघत राहिले. मग ती ओ आली.

"ओऽऽऽऽऽ!"

कसली ती ओ! गोल, भरघोस, नदीवरून सरळ चालत आलेली. चहाच्या कपांवर कप वाजले, नावेतलं वल्हं घसरलं, आणि गावाला पहिल्यांदा कळलं की भोंग्याचा आवाज आला तरी कुठून. नवऱ्यानं डाव्या कानाला हात लावला आणि म्हणाला, "अरेच्चा!"

साहेबांनी वहीत लिहिलं, 'ओ आली. वस्ती नजीक.' मग पेन्सिल कानावर ठेवून ते हळूच म्हणाले, "परत एकदा मारता का? नोंदीसाठी नको हो. मला ऐकायचीये."

पण त्यांचं ऐकायला कुणी उरलंच नव्हतं. मास्तर लोहाराच्या गळ्यात पडले होते, एका चहावाल्यानं दुसऱ्याचा चहा पिऊन चांगला आहे असं जाहीर केलं होतं, पोरांनी टोपल्या डोक्यात घालून घाटावर धिंगाणा मांडला होता. नवरा कधीच नाव घेऊन पलीकडे गेला होता, आणि आता नाव परत येत होती. तिच्यात एकच माणूस बसलं होतं. त्याचं नाव ओरडून सांगायची सवय, म्हणून भोंग्यानं तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. तिसऱ्या हाकेत सगळा गेला होता. भोंगा नुसती रडत होती.

थोरली अकरा वर्षांनी या काठावर उतरली. तोंडाचं बोळकं झालं होतं. कवळी घरीच ठेवून आली होती. अख्ख्या बाजारादेखत ती मोकळ्या हिरड्या दाखवून हसली, धाकटीच्या दंडाला धरून तिला दगडावरून खाली उतरवलं आणि तिच्या गळ्यातली लोकरीची पट्टी सोडून त्या पट्टीनंच तिचे डोळे पुसले.

"ताई," भोंगा घोगऱ्या आवाजात कशीबशी पुटपुटली, "ओ दिलीस गं. आणि कवळीसुद्धा न घालता!"

"ओ द्यायला दात लागत नाहीत, बये," थोरली म्हणाली. "हाक लागते."